बुद्ध सर्किटवर पहिल्यांदा गाडी घालताना

रविवारी पहाटे ताम्हिणी, माळशेज किंवा लोणावळ्याच्या रस्त्यावर गेलात, तर लेदरचं जॅकेट घालून वळणावर गाडी झोपवण्याचा प्रयत्न करणारे तरुण हमखास दिसतात. त्याच वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येऊ शकतो, डिझेल सांडलेलं असू शकतं, कुत्रं आडवं येऊ शकतं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वेगाची हौस असेल तर ती भागवायची जागा एकच, ती म्हणजे रेसट्रॅक. तिथे जायला शर्यतपटू असावं लागत नाही. ‘ट्रॅक डे’ला पैसे भरून, आपल्याच गाडीवर, फॉर्म्युला वन आणि मोटोजीपी झालेल्या डांबरावर फिरता येतं.

मात्र ट्रॅक आपोआप सुरक्षित नसतो. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, सगळ्यांना नियम माहीत असतात आणि पुढचा काय करणार याचा मागच्याला अंदाज असतो, म्हणून तो सुरक्षित ठरतो. पहिल्या दिवशी तुमचं काम एवढंच, की तुमच्या चालवण्याचा इतरांना अंदाज यावा. या लेखातल्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

ट्रॅक ओळखून घ्या

दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात असलेलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालं. आराखडा जर्मन रचनाकार हर्मन टिल्के यांचा. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी इथे आली, तेव्हा मोटरसायकलींसाठी मांडणीत थोडे बदल करण्यात आले. ती शर्यत इटलीच्या मार्को बेझेकीने जिंकली. तेव्हा मोटोजीपीचे खेळाडू इथली फेरी पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपवत होते. हा आकडा वाचा आणि विसरून जा, कारण तुमच्या पहिल्या दिवसाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्याशी संबंध आहे तो ट्रॅकच्या तीन गुणांचा. पहिला, तिसऱ्या वळणानंतरचा सरळ पट्टा. तो एक किलोमीटरहून थोडा जास्त आहे. मोठ्या गाड्या इथे ताशी अडीचशेच्या पुढे सहज जातात आणि मग चौथ्या वळणासाठी जोरात ब्रेक मारावा लागतो. दुसरा, चढ-उतार. काही ठिकाणी वळणाचा पुढचा भाग चढामागे दडलेला असतो, म्हणून खुणा आधी पाठ लागतात. तिसरा, दहाव्या-अकराव्या वळणाची लांबलचक उजवी कमान. आतल्या बाजूला उतार दिल्यामुळे ती गाडीला धरून ठेवते, पण संपता संपत नाही. घाई करून आत लवकर शिरलात, तर बाहेर पडताना जागा उरत नाही.

जाण्याआधी या ट्रॅकचे गाडीवरच्या कॅमेऱ्यातून घेतलेले व्हिडिओ पाहा आणि वळणांचा क्रम कागदावर काढा. डावं-उजवं कुठे येतं हे पाठ असेल, तर पहिल्या सेशनमधला निम्मा गोंधळ टळतो.

सुरुवात इथूनच करावी का?

जमत असेल तर करू नका. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे. जेमतेम २.१ किलोमीटरचा हा ट्रॅक शिकायला उत्तम, कारण लांब पट्टे नसल्यामुळे वेग आवाक्यात राहतो आणि तीच वळणं दिवसभरात पुन्हा पुन्हा येतात. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, ३.७१७ किलोमीटर आणि १२ वळणांचा. भारतातल्या मोटरसायकल शर्यतपटूंची एक मोठी पिढी याच ट्रॅकवर घडली. अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांच्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्गही चेन्नईला झालेले आहेत. या शाळेच्या सुरुवातीच्या सरावात एकाच गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता फेऱ्या मारायला सांगतात. ऐकायला बाळबोध वाटेल, पण वळणाचा वेग डोळ्यांनी मोजायला शिकवण्याची याहून चांगली युक्ती नाही.

गाडीबद्दलही तेच. तुमच्याकडे हजार सीसीची गाडी असली, तरी पहिला दिवस तीनशे-चारशे सीसीच्या गाडीवर काढायला मिळाला तर घ्या. लहान गाडीवर वळणात केलेली चूक सरळ पट्ट्यावर झाकता येत नाही, त्यामुळे ती लगेच कळते. मोठ्या गाडीवर ॲक्सिलरेटर पिळला की फेरीचा वेळ कमी होतो आणि शिकल्याचा भास होतो.

कागदपत्रं आणि विमा

ट्रॅक डे बहुतेक वेळा खासगी आयोजक भरवतात. काही कंपन्याही आपल्या ग्राहकांसाठी असे दिवस ठेवतात. पैसे भरण्याआधी आयोजकाला पाच प्रश्न विचारा: ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतात का? प्रत्येक धोक्याच्या वळणावर झेंडा घेऊन मार्शल उभा असतो का? नवशिक्यांचा गट वेगळा असतो का? एका गटात जास्तीत जास्त किती गाड्या सोडतात? सकाळी नियम समजावून सांगणारी बैठक होते का? यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर पैसे भरू नका.

विम्याचं गणित घरूनच करून निघा. आपल्याकडच्या दुचाकीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला संरक्षण नसतं. ट्रॅकवर गाडी मोडली तर खर्च खिशातून जाणार, असं धरूनच चाला. आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दलचं कलम असतं. त्यातला व्यावसायिक खेळाडू आणि हौशी यांच्यातला फरक वाचा आणि शंका असेल तर विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. ट्रॅकवर तुम्हाला जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. तो न वाचता सही करू नका. रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर त्यात नीट लिहा.

पुण्या-मुंबईहून दिल्ली साधारण चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर आहे. तेवढं अंतर गाडी चालवत जाऊन दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरणं शहाणपणाचं नाही. अंग शिणलेलं असतं, हायवेवर टायरचा मधला भाग झिजून सपाट झालेला असतो आणि गाडी पडली तर परत यायचं साधन उरत नाही. ट्रकने पाठवा, किंवा रेल्वेच्या पार्सलने. रेल्वेला टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवा. शक्य असेल तर तिथेच गाडी भाड्याने घेणं सर्वांत सोपं.

गाडीची तयारी

तुमच्या गाडीतून सांडलेलं तेल मागून येणाऱ्या दहा जणांना पाडू शकतं. त्यामुळे ही तपासणी सगळ्यांसाठीच असते.

ब्रेकपासून सुरू करा. पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. जुनं तेल ट्रॅकवरच्या उष्णतेने उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत आत येते. म्हणून जाण्याआधी ते बदलून घ्या. चेनचा ताण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर घट्ट आहेत ना, हे मेकॅनिकला समोर उभं राहून तपासायला लावा. कूलंटबद्दल आयोजकाचा नियम विचारा. अनेक ठिकाणी ग्लायकॉल असलेलं कूलंट चालत नाही, कारण ते सांडलं की डांबर साबणासारखं निसरडं होतं आणि सहजी साफ होत नाही.

टायर नवे नसले तरी चालतील, पण जुने नकोत. कडेला बारीक भेगा असतील तर ट्रॅकचा विचार सोडा. हवेचा दाब रस्त्यापेक्षा थोडा कमी ठेवतात, कारण टायर तापला की दाब वाढतो. नेमका आकडा टायरच्या कंपनीकडून घ्या आणि सेशन संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजा. दाब मोजायचं स्वतःचं गेज जवळ ठेवा.

आरसे काढा किंवा त्यांवर टेप लावा. हेडलाइट, इंडिकेटर, मागचा दिवा यांवरही टेप हवी, म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकभर पसरत नाहीत. आरसे झाकण्याचा आणखी एक फायदा आहे. मागे कोण येतंय याची काळजी करायची नाही, ते मागच्याने बघायचं, ही ट्रॅकची पहिली शिस्त त्यातून आपोआप लागते.

अंगावर काय हवं

पूर्ण लेदर सूट, एकसंध किंवा कमरेला चेनने जोडला जाणारा. पाठीचा संरक्षक. मनगट झाकणारे हातमोजे. घोट्याच्या वर येणारे रायडिंग बूट. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट. रस्त्यासाठी आयएसआय सक्तीचं आहेच. ट्रॅकवर अनेकदा त्याबरोबर ईसीई किंवा स्नेलसारखं आंतरराष्ट्रीय मानक मागतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बाद समजा. जीन्स, कापडी जॅकेट आणि ट्रेकिंगचे बूट घालून कुणी ट्रॅकवर सोडत असेल, तर तो आयोजक टाळा. सूट महाग असतो, पण अनेक ठिकाणी भाड्याने मिळतो. तो अंगाला घट्ट बसायला हवा. सैल सूट घसरताना सरकतो आणि त्यातले पॅड कोपर-गुडघ्यावरून निघून जातात.

झेंडे पाठ करा

ट्रॅकवर बोलून काही सांगता येत नाही. मार्शलची भाषा झेंड्यांची असते. सकाळच्या बैठकीत सांगतील ते अंतिम, पण एवढं घरूनच पाठ करून जा:

- पिवळा: पुढे धोका आहे. वेग कमी, कुणालाही ओलांडायचं नाही.
- लाल: सेशन थांबलं. एकदम ब्रेक न मारता, हात वर करून सावकाश पिट लेनमध्ये (गाड्या थांबायच्या बाजूच्या पट्टीत) या.
- पिवळ्यावर लाल पट्टे: पुढे डांबर निसरडं आहे, तेल, पाणी किंवा माती.
- निळा: मागून वेगवान चालक येतो आहे. आपली रेषा सोडू नका, तो वाट काढेल.
- काळा, तुमच्या नंबरसह: आत या, आयोजकांना तुमच्याशी बोलायचं आहे.
- काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत बिघाड दिसला आहे. रेषेतून बाजूला होऊन थांबा.
- काळ्या-पांढऱ्या चौकटींचा: सेशन संपलं. फेरी पूर्ण करून आत या.

प्रत्येक फेरीत प्रत्येक मार्शलच्या चौकीकडे एक नजर टाकायची सवय पहिल्याच फेरीपासून लावा.

पहिलं सेशन

सेशन साधारण १५ ते २० मिनिटांचं असतं. पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागे रांगेत होतात. त्या वेगासाठी नसतात, तो कुठे ब्रेक मारतो आणि वळणात कुठे आत जातो हे पाहण्यासाठी असतात. टायर गार असतात, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी झोपवू नका. दिल्लीच्या हिवाळी सकाळी तर ही गोष्ट जास्तच लक्षात ठेवा. रेषेबाहेरच्या डांबरावर धूळ असते, तिथे ब्रेक मारताना सावध राहा.

वळणाची रेषा साधी आहे: बाहेरून आत, आतल्या टोकाला स्पर्श, पुन्हा बाहेर. नवशिक्याने ते आतलं टोक थोडं उशिरा गाठावं. उशिरा आत गेलं की वळण संपताना समोर ट्रॅक मोकळा दिसतो. लवकर आत शिरलं की बाहेर फेकलं जातं, आणि पडण्याची बरीच प्रकरणं इथूनच सुरू होतात.

सरळ पट्ट्यांच्या शेवटी अंतराच्या पाट्या असतात. पहिल्या सेशनमध्ये सर्वांत लांबच्या पाटीपाशी ब्रेक मारा. पुढच्या सेशनमध्ये जमलं तर थोडं पुढे सरका. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलेलं गणित चौथ्या वळणाआधी फार खरं वाटतं.

टायरची पकड एकाच विहिरीवर बसवलेल्या दोन पंपांसारखी असते: एक ब्रेकचा, दुसरा वळणाचा. दोन्ही एकदम पूर्ण जोराने चालवले की विहिरीला तळ लागतो. म्हणून सुरुवातीला ब्रेकचं काम गाडी सरळ असतानाच संपवा, मग गाडी झुकवा. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर अगदी थोडा, पण सतत वाढवत न्या. मध्येच घाबरून तो एकदम सोडला, तर भार पुढच्या चाकावर येतो आणि तेच चाक आधी सुटतं.

नजर सर्वांत महत्त्वाची. गाडी जिथे बघता तिथे जाते. पुढच्याच्या मागच्या टायरकडे बघत राहिलात, तर तो जिथे चुकेल तिथे तुम्हीही चुकाल. वळणात शिरण्याआधी आतलं टोक बघा, तिथे पोहोचण्याआधी बाहेर पडायची जागा बघा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, म्हणजे हात मोकळे राहतात. हँडल आवळून धरलं, की गाडी वळत नाही आणि तासाभरात मनगटं भरून येतात. गुडघा जमिनीला टेकवण्याचा हट्ट मात्र सोडा. तो वेगाचा आणि सवयीचा परिणाम असतो. मुद्दाम टेकवायला गेलात, तर शरीर वाकडं होतं आणि गाडी विनाकारण जास्त झुकते.

इतरांसोबत चालवताना

मागून येणाऱ्याने ओलांडायचं, पुढच्याने आपली रेषा राखायची. तुम्हाला हळू जायचं असेल तर हात वर करा, रेषेतून सावकाश बाजूला व्हा. कुणाला वाट द्यायला अचानक आत किंवा बाहेर सरकणं हा सर्वांत धोकादायक भलेपणा आहे. स्वतः ओलांडताना सरळ पट्ट्यावर, दोन हात अंतर ठेवून जा. पिट लेनमधून बाहेर पडताना डांबरावरची पांढरी रेषा संपेपर्यंत ती ओलांडू नका. आत यायचं असेल तर आधीच्याच वळणानंतर डावा हात वर करा.

चुकलात किंवा पडलात तर

वळण जमणार नाही असं वाटलं, तर गाडी सरळ करा आणि ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊ द्या. ती जागा त्यासाठीच ठेवलेली असते. खडीत गेलात तर पुढच्या ब्रेकला हात लावू नका. परत येताना मार्शलची परवानगी आणि मागची वाहतूक, दोन्ही बघा.

पडलात तर गाडी सोडून द्या. घसरणं पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका, कारण वेगात असताना आपण थांबलो आहोत असा भास होतो. थांबल्यावर आधी मागे बघा, मग ट्रॅकपासून दूर, संरक्षक भिंतीमागे जा. गाडी उचलायला धावू नका, ते काम मार्शलचं. डोक्याला मार बसला असेल, तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर जायचं नाही.

ऊन, पाणी आणि शेवटचं सेशन

२०२३ च्या मोटोजीपीत उन्हामुळे बुद्ध सर्किटवरची शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली गेली. तरीही दुसरा आलेल्या जॉर्ज मार्टिनला शर्यतीनंतर अंगातलं पाणी कमी झाल्याने उपचार घ्यावे लागले. जगातला इतका तयार खेळाडू तिथे थकतो, हे आपण लक्षात ठेवायचं. लेदर सूटमध्ये घामाचा निचरा होत नाही. प्रत्येक सेशननंतर मीठ-साखरेचं पाणी प्या, सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसा, जेवण हलकं घ्या. दिल्लीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याने सेशन उशिरा सुरू होऊ शकतं. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे महिने असतात, तिथे जानेवारी-फेब्रुवारी निवडा.

संध्याकाळचं शेवटचं सेशन फसवं असतं. शरीर थकलेलं असतं, ट्रॅक ओळखीचा झालेला असतो आणि ‘पैसे वसूल’ करायची घाई असते. मनगटं भरून आली असतील किंवा ब्रेकची खूण सलग दोनदा चुकली असेल, तर ते सेशन सोडून द्या. त्याचे पैसे गेले तरी ते पडण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

दिवस कसा मोजायचा

लॅप टायमर पहिल्या दिवशी घरीच ठेवा. संध्याकाळी स्वतःला हे विचारा: प्रत्येक फेरीत त्याच पाटीपाशी ब्रेक मारला का? सगळे झेंडे दिसले का? माझ्यामुळे कुणाला अचानक रेषा बदलावी लागली का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर दिवस यशस्वी झाला. फेरी किती मिनिटांची होती, याने त्यात फरक पडत नाही.

आणि परत आल्यावर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ट्रॅकवर शिकलेली नजर आणि ब्रेकची शिस्त घाटात जरूर वापरा, तिथला वेग वापरू नका. ताम्हिणीत झेंडा दाखवायला मार्शल नसतो, मोकळी जागा नसते आणि समोरून येणाऱ्याला तुमची रेषा माहीत नसते.